खिळेशन

शिसपेन्सिलीला शिसपेन्सिल हे नाव ज्याने कोणी ठेवलं, त्याला एकदा भेटायचं, असं या गोष्टीतल्या सुताराच्या मनात होतं. मारायला नाही. नुसतं समोर बसवून विचारायचं होतं, की बाबा रे, तुला दुसरं काही सुचलं नाही का.

झालं असं. एका रविवारी सकाळी त्याची मेव्हणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, चहाला आली. तिला घरात सगळे ताई म्हणत. एक तर ती वयाने मोठी होती, आणि दुसरं म्हणजे न म्हणणाऱ्याची खैर नव्हती. ताईने बशी उचलली तर बशीखाली पेन्सिल. सुतारकामाची, चपटी, लाल रंगाची. तिची दोन्ही टोकं चावून चावून झाडूसारखी पिंजारली होती.

"हे कोण खातं?" ताईने विचारलं.

"वकीलबाई," सुतार म्हणाला.

वकीलबाई म्हणजे त्याची सहा वर्षांची मुलगी. दोनाची तीन झाली तरी बोलेना, तेव्हा तिचे आजोबा म्हणाले होते, ही नुसत्या पुढच्या तारखा देते, हिला वकील करा. ते नाव चिकटलं. तिच्याकडे सगळे मिळून दहा-बारा शब्द होते, आणि ते ती वकिलासारखेच, पक्षकार बघून खर्च करायची. 'बिस्कीट' होतं, 'नको' होतं, 'अजून' होतं. आईसाठी 'वर' होतं, कारण आई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होती आणि एकदा तिला सोबत घेऊन उंच इमारतीत वर गेली होती. बापासाठी मात्र शब्दच नव्हता. बापाला ती मनगट धरून हवं तिथे ओढत न्यायची, चाकं लावलेलं कपाट न्यावं तशी, आणि काम झालं की तिथेच सोडून जायची. सुतार हे कोणाला बोलून दाखवत नसे, पण त्याला एवढं एकच हवं होतं. बाबा नको, पप्पा नको. नुसतं 'ए' म्हणाली असती तरी त्याने ओ दिली असती.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी याला स्वमग्नता म्हणतात हे केव्हाच सांगून ठेवलं होतं. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे वकीलबाई नेमाने जात होत्या. प्रगती होती. फक्त वेग असा होता, की मुंगीने मागे वळून 'येताय ना' असं विचारावं.

ताईने ती पेन्सिल दोन बोटांत धरली, मेलेली पाल धरतात तशी. "याला काय म्हणतात?"

"पेन्सिल."

"पूर्ण नाव सांगा."

"शिसपेन्सिल."

"शिस," ताई म्हणाली आणि तो शब्द टेबलावर ठेवल्यासारखी थांबली. "आतला पलंग कशाचा?"

"शिसवी."

"कपाट?"

"तेही शिसवी. पण ताई, शिसवी म्हणजे ते एक लाकूड..."

"पेन्सिल शिशाची, पलंग शिसवी, कपाट शिसवी. आणि तुम्ही दोघं मला विचारता, पोर बोलत का नाही."

खरं म्हणजे तिला कोणीच काही विचारलं नव्हतं. पण ती एका शुद्धी केंद्रात स्वागतकक्षात बसायची आणि माणूस आजारी आहे हे त्याच्या चपलांवरून ओळखायची. तिने समजावून सांगितलं. शरीरात धातू साठतात. शिसं, पारा, काय काय. ते मेंदूत जाऊन बसतात. त्यांच्या केंद्रातले डॉक्टर सलाईनमधून एक औषध सोडतात, ते औषध धातूला धरतं आणि बाहेर काढतं. त्याला म्हणतात कीलेशन.

सुताराला 'खिळेशन' ऐकू आलं, आणि त्याच क्षणी सगळा विषय समजला.

जुनं लाकूड पुन्हा वापरायचं तर आधी त्यातले खिळे उपसावे लागतात. कितीही सुंदर फळी असो, आत एक खिळा राहिला की रंधा अडतो, पातं तुटतं, तोंडातून शिवी जाते. खिळा काढला की तीच फळी लोण्यासारखी. म्हणजे वकीलबाईंच्या आत कुठेतरी खिळे होते, त्याच्याच पेन्सिलीतले, आणि ते काढले की शब्द सुटणार होते. त्याला एकाच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि लॉटरी लागल्यासारखंही झालं.

 बायको चहा ढवळत राहिली. ती चहात साखर घेत नसे.

---

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. जाताना कार्यशाळेतल्या सगळ्या पेन्सिली पिशवीत भरून घेतल्या, पोलीस आरोपी हजर करतात तशा. वकीलबाई सोबत होत्या. त्यांनी पिशवीतली एक घेऊन खायला सुरुवात केली.

"यात शिसं नसतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ग्राफाइट असतं. कोळशाचा चुलतभाऊ. फार फार तर दात काळे होतील."

"पण नाव आहे."

"गोगलगाय म्हणतो म्हणून तिचं दूध काढतो का आपण?"

सुताराला हे पटलं. त्याने पिशवीचं तोंड बांधलं आणि उठायला लागला. डॉक्टरीणबाईंनी मात्र चष्मा काढला. "एक सांगा. तुम्ही जुनी दारं खरवडता का? रंग काढायला?"

"रोज."

"आणि ही कुठे असते?"

ही रंध्याच्या टेबलाखाली असायची. शाळा सुटली की तिथेच. भुशाच्या ढिगात बसून लाकडाची सालपटं लावत राहायची.

"जुन्या रंगात शिसं असायचं," बाई म्हणाल्या. "त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते. पेन्सिल निर्दोष आहे, दाराचं मात्र बघायला हवं. रक्त तपासू. आणि खरवडायचं काम हिच्यापासून लांब न्या, आजपासून."

सुतार पुन्हा खाली बसला. "निघालं तर काढता येईल ना? खिळेशन करून?"

"काय करून?"

त्याने ताईचं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, हे त्याला आवडलं. त्या म्हणाल्या, "रक्तात शिसं खूपच जास्त असेल, तर ते औषध देतात. मोठ्या रुग्णालयात, सतत लक्ष ठेवून. तेव्हा ते जीव वाचवतं. पण शिसं नसताना दिलं, तर ते रिकाम्या हाताने परत जात नाही. हाताला लागेल ते उचलतं. लोह, जस्त, कॅल्शियम. कॅल्शियम एकदम उतरलं तर हृदय बंद पडतं. यात मुलं दगावली आहेत. आणि अजून एक ऐकून ठेवा. स्वमग्नता काही धातूंमुळे येत नाही. शिसं निघालं तर ते काढायलाच हवं, पण ते काढलं म्हणून ही घडाघडा बोलायला लागणार नाही."

यातलं शेवटचं वाक्य सुताराने ऐकलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण त्याने आत घेतलं नाही, दारातच उभं ठेवलं.

रक्त काढताना वकीलबाईंनी 'नको' हा शब्द इतक्या वेळा वापरला, की त्यांचा महिन्याचा साठा तिथेच संपला. घरी आल्यावर सुताराने खरवडायचं सगळं काम मागच्या शेडमध्ये हलवलं, कार्यशाळेची जमीन ओल्या फडक्याने पुसून काढली, आणि तीन जुन्या दारांना मनातल्या मनात अशी काही नावं ठेवली, की दारं बोलत असती तर त्यांनी दावा लावला असता.

निकाल फोनवर आला.

"एकदम कमी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काळजीचं काहीच कारण नाही."

"अरेरे," सुतार म्हणाला.

पलीकडून लगेच आलं, "काय म्हणालात?"

"काही नाही. आनंद झाला."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ हातात पटाशी धरून नुसता उभा राहिला. आपल्या मुलीच्या अंगात विष नाही हे ऐकून ज्याला वाईट वाटलं, असा बाप जगात दुसरा कोणी असेल का, याचा त्याने विचार केला. पण शिसं असतं तर चूक त्याची झाली असती, आणि चूक त्याची असती तर दुरुस्त करता आली असती. आता चूक कोणाचीच नव्हती. मग हातोडा मारायचा कशावर.

---

ताईला निकाल अजिबात पटला नाही.

"रक्तात नसणारच," ती म्हणाली. "ते हाडात दडून बसतं. साप बिळात, आणि तुम्ही अंगण तपासताय. आमच्याकडे आधी एक गोळी देतात. ती धातूला बिळातून हुसकावते. मग लघवी तपासायची. दूध का दूध होतं."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यात जोखीम आहे," सुतार म्हणाला.

"त्या म्हणणारच. त्यांच्याकडे कुठे आहे ती गोळी."

ताई गेल्यावर बायको म्हणाली, "मला तिचं पटत नाही."

"मलाही नाही."

"पण एकदा बघायला काय हरकत आहे, असंही वाटतं." तिने हातातलं स्पॅनर उगाचच पुसलं. "लोक म्हणतात, 'वर' म्हणते म्हणजे तुलाच हाक मारते की. मारते ना. पण ती लिफ्टलाही वर म्हणते. मी आणि लिफ्ट तिला एकच आहोत की काय, ते मला कळत नाही. मला ते एकदा तिच्या तोंडून कळायला हवंय. एवढं मागितलं तर काय बिघडलं?"

सुताराला तर कोणी लिफ्टसुद्धा म्हणत नव्हतं. पण त्याचा धंद्यातला एक नियम होता. खुर्ची बनवली की गिऱ्हाइकाला देण्याआधी तो स्वतः तिच्यावर बसायचा, मागे रेलायचा, जोर देऊन हलायचा. मोडली तर आपल्याखाली मोडू दे.

"ती गोळी आधी मी घेतो," तो म्हणाला.

"तुला कशाला? तू तर बोलायचा थांबत नाहीस."

"म्हणूनच. वीस वर्षं पेन्सिल तोंडात धरतोय, जुनी दारं खरवडतोय. माझ्यात जेवढं निघेल त्यावरून तिचा अंदाज येईल."

हा विचार किती शास्त्रीय होता ते सोडा. पण बायकोला तो आवडला. निदान गोळी पोरीला द्यायची नव्हती.

शुद्धी केंद्र एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. भिंती फिकट हिरव्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, आणि ओळीने मागे कलणाऱ्या खुर्च्या. त्यांत माणसं हाताला सलाईन लावून मासिकं चाळत पडली होती, विमानतळावर विमान चुकलेल्या लोकांसारखी. शुद्धीवाले डॉक्टर गोड माणूस होते. त्यांनी गोळी दिली, एक मोठा कॅन दिला, आणि दिवसभराचं सगळं यातच, असं सांगितलं.

तो दिवस कार्यशाळेने लक्षात ठेवला. गोळीने सुताराच्या घामाला आणि बाकी सगळ्याला सडक्या अंड्याचा वास आला. दुपारी एक बाई ड्रेसिंग टेबल बघायला आल्या, त्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, हे पॉलिश आहे का. सुतार म्हणाला, हो, जर्मन आहे. बाईंनी दुसऱ्या रंगाचं मागितलं. वकीलबाई टेबलाखालून बाहेर आल्या, त्यांनी बापाचा हात हुंगला, 'नको' म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

निकाल घ्यायला तो एकटाच गेला. शुद्धीवाल्यांनी त्याच्यासमोर एक चित्र धरलं. त्यात उभ्या लाल पट्ट्या होत्या, आणि सगळ्या छताला डोकं आपटेल इतक्या वाढलेल्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की तुलना गोळी न घेतलेल्या माणसांशी केली आहे.

"शिसं, पारा, ॲल्युमिनियम. सगळंच हाय आहे," ते हळहळून म्हणाले. "लक्षणं असतीलच. थकवा येतो?"

"संध्याकाळी."

"चिडचिड?"

"गिऱ्हाईक आलं की."

"विसरायला होतं?"

"गिऱ्हाईक गेलं की."

"बोलताना अडखळता?"

"मेव्हणीसमोर."

"बघा," शुद्धीवाले म्हणाले. "तुम्हाला स्वतःलाच जाणवतंय. आधी तुमच्या सलाईनच्या वीस बैठका करू. मुलगी लहान आहे, तिला थोड्या जास्त लागतील."

सुतार पट्ट्यांकडे बघत राहिला. त्याच्या अंगात म्हणे एवढं भरलं होतं, आणि तरी तो सकाळी उठून, शिट्टी वाजवत, कुरकुर न करणारा ड्रॉवर बनवू शकत होता. बाहेर येऊन तो ताईच्या काउंटरला टेकला.

"आलं ना हाय?" ताई खुशीत होती. "मी म्हटलं नव्हतं, भावोजी?"

"आलं. ताई, तुम्ही केली होती का हो ही टेस्ट?"

"म्हणजे काय. माझं तर तुमच्याहून जास्त आलं होतं." तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता.

"आणि तो दारावर बसतो त्याचं?"

"त्याचंही. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला एक जण आला होता, त्याची सहज केली, तर त्याचं विचारूच नका."

"मग नॉर्मल कोणाचं आलंय?"

ताईने आठवून बघितलं. तिची आठवण चांगली होती, एकदा आलेला माणूस ती विसरत नसे. ती खुर्च्यांच्या ओळीवरून नजर फिरवत गेली, मग मागच्या महिन्यात गेली, मग मागच्या वर्षात.

"नॉर्मल," ती म्हणाली, "असं अजून कोणी आलेलं नाही."

हे बोलून झाल्यावर ते वाक्य काउंटरवर पडून राहिलं. दोघंही त्याच्याकडे बघत होते. ताईने बाजूचं पेन उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. तिने आजवर स्वतःच्या नऊ बैठका करून घेतल्या होत्या.

"भावोजी," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तिच्या भल्यासाठीच सांगत होते."

"माहीत आहे, ताई. म्हणून तर मी गोळी घेतली."

"तिची बैठक मी लिहून ठेवली होती. खोडते."

"खोडा."

---

घरी बायको ओट्याशी उभी राहून अंडी फेटत होती. सुताराने सगळं सांगितलं, फिल्टरवाल्यापर्यंत. तिने ऐकून घेतलं आणि काटा वाडग्यात ठेवला.

"म्हणजे सगळ्यांच्याच अंगात थोडं थोडं असतं, ते आधी गोळी देऊन बाहेर काढायचं," ती म्हणाली, "आणि मग गोळी न घेतलेल्या माणसाशी तुलना करायची. मी लिफ्टमध्ये आधी सिमेंटची पोती टाकली आणि मग म्हटलं, बघा, तुमची लिफ्ट ओव्हरलोड दाखवते, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

"त्यांना चौथ्या मजल्यावर बसवलंय."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने ते अंड्याच्या हातानेच पुसले, त्यामुळे भुवईला पिवळं लागलं.

"आपण तिला तिथे निजवणार होतो रे. त्या खुर्चीत."

"टेबलाचे सगळे खिळे उपसले," सुतार म्हणाला, "तर टेबल बोलायला लागत नाही. खिळखिळं होतं."

"म्हणजे काढायचं काहीच नाही."

"काही नाही. ती आहे तशी पूर्ण आहे. नुसती हळू आहे."

डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य इतके दिवस दारात उभं होतं. त्या संध्याकाळी सुताराने त्याला आत घेतलं, बसायला खुर्ची दिली. वाटलं होतं तितकं ते वाईट नव्हतं. जेवताना त्याला चक्क भूक लागली. बायकोने दोनदा वाढून घेतलं. वकीलबाईंनी त्यांच्यासाठी वेगळ्या उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग खाल्ला आणि पिवळा बापाच्या ताटात नेऊन ठेवला, जसा त्या नेहमी ठेवायच्या.

पुढच्या रविवारी ताई आली. केंद्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त निघताना पलंगाकडे बघून म्हणाली, "हा मात्र मला अजून पटत नाही हं."

---

त्यानंतर एका दुपारी सुतार एका कपाटाच्या फळीवर रंधा मारत होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं, टेबलाखाली थेट. तिथे वकीलबाई लाकडाची गोल गोल सालपटं एकेक करून उन्हात धरत होत्या. पातळ असेल ते एका बाजूला, जाड असेल ते दुसऱ्या. चेहऱ्यावर असं समाधान, की भल्याभल्या न्यायाधीशांना मिळत नाही.

सुताराला वाटलं, आपण हिच्याशी एकदा रीतसर बोलायला हवं. एवढं सगळं तिच्यावरून झालं आणि तिलाच कोणी काही सांगितलं नाही. त्याने रंधा बाजूला ठेवला, गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली डोकं घातलं.

"बाळा," तो म्हणाला, "आम्ही जरा गोंधळ घातला होता. मला वाटलं, तुझ्यात काहीतरी अडकलंय आणि ते काढायला हवं. तसं काही नाहीये. तू तुझ्या वेळेने बोल. नाही बोललीस तरी मी इथेच आहे, वरच्या बाजूला. काय?"

वकीलबाई सालपटाकडे बघत होत्या. सालपट आता दिसेनासं झालं होतं. त्यांनी मान वर केली.

"सरक," त्या म्हणाल्या.

सुताराने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"मी?"

त्यांनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि ढकललं. "सरक."

तो त्यांच्या उजेडात बसला होता. हा शब्द त्या कुठून शिकल्या हे सांगायला नको. दिवसभर त्याच टेबलाशी पायात कोणी आलं की तो हेच म्हणायचा. सुतार सरकला. सालपटावर पुन्हा ऊन पडलं.

त्याने बायकोला फोन लावला. ती कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या टपावर उभी होती, आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"मला बोलली," तो म्हणाला.

"काय बोलली?"

"सरक."

पलीकडे काहीतरी लोखंडी खणकलं. "मग सरकलास का?"

"लगेच."

"बरं केलंस," बायको म्हणाली. "आता काम कर."

त्याने काम केलं. पण ते कपाट उशिरा झालं, कारण त्या दुपारी रंधा, मग पटाशी, मग हातातून पडलेला एक स्क्रू, असं काही ना काही शोधायला तो सारखा खिडकीच्या बाजूला जात होता, तिथे मुद्दाम उन्हाच्या आड वाकत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला सांगितलं जात होतं.